आत येणारं पाणी

काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा होता. तो खाली पिवळ्यात येऊन बसला होता आणि तिथून हलायची त्याची काही इच्छा दिसत नव्हती. कलावतीने चष्मा काढून पांढऱ्या कोटाच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला, मीटरच्या काचेवर बोटाने टकटक केलं. काटा पिवळ्यातच. चष्म्याला किंवा मीटरला दोष द्यायची सोय संपली. भिंतीवरच्या या ताटलीएवढ्या मीटरशी तिचं दहा वर्षांचं नातं होतं. लग्न झाल्यापासून आपल्या तोंडाकडे हिने जेवढं पाहिलं नसेल तेवढं त्या काट्याकडे पाहिलंय, असं तिचा नवरा चंदू चारचौघांत सांगायचा आणि लोक हसायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. पाणी जितकं निर्मळ तितकी त्यातून वीज जायला कुरकुर करते, तितका काटा वर चढतो. पाण्यात नखाएवढं मीठ पडलं तरी तो मान टाकतो. आणि सिलिकॉनच्या चकत्या असल्या लाडावलेल्या की भट्टीत जाण्याआधी त्यांना न्हाऊ घालायचं ते याच पाण्याने, हिरव्या पट्ट्यातल्या. दुसऱ्या पाण्याने धुतलं तर वरून दिसत काही नाही, चकती तशीच आरशासारखी चमकते, पण तिच्यापासून केलेला डायोड चार महिन्यांनी कुणाच्या तरी टीव्हीत, कुणाच्या तरी पंपात गुपचूप गळायला लागतो, वीज नको त्या दिशेने झिरपू देतो. मागून उत्तमने विचारलं, "मॅडम, पाणी सोडू का? बायका बसलेल्या आहेत." उत्तम भट्टीवरचा माणूस, कल्याणहून यायचा, हाताखाली दोन भट्ट्या आणि बोलण्यात भट्टीची धग अजिबात नाही. तिने मान हलवली नाही. ती मान हलवेपर्यंत सकाळचं पाणी लाइनवर सोडायचं नाही हा तिचाच नियम होता. त्यावरून बायका तिला मागे नंदीबैल म्हणायच्या हेही तिला ठाऊक होतं. "नको," ती म्हणाली. "थांब." आणि आजच, असं तिच्या मनात आलं. तीनशे पासष्ट दिवस सोडून आजच.

आज वेंडेल यायचा होता. जर्मनीतली एक कंपनी आपली जुनी डायोडची लाइन स्वतःच्या देशातून उचलून पूर्वेकडे कुठेतरी नेणार होती. मलेशियातलं पिनांग की डोंबिवली, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो सोडवायला वेंडेल नावाचा म्हातारा इंजिनियर पिनांग बघून काल मुंबईत उतरला होता. काम मिळालं तर मानपाड्याच्या या शेडमधल्या भट्ट्या चालू राहणार होत्या. नाही मिळालं तर मालक गद्रेसाहेब त्या थंड करणार होते. तसं त्यांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, खुर्चीत मागे रेलून, पुण्याच्या स्वच्छ मराठीत, आवाज न चढवता. सरकारने गेल्या वर्षी आयातीची दारं उघडली होती, तैवानचे डायोड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शेंगदाण्यांसारखे मिळायला लागले होते. इथे चकत्या भाजत बसण्यापेक्षा तयार माल आणून वर आपला शिक्का मारणं सोपं, आणि त्याला भट्टी लागत नाही, पाणी लागत नाही, भट्टी विभागातल्या बायका लागत नाहीत, कलावतीही लागत नाही. शिक्का मारायला एक हात पुरतो. साहेबांनी मग जरा थांबून म्हटलं होतं की वेंडेलशी तुम्हीच बोला. या भागाच्या जमेच्या बाजू कोणत्या, पडत्या बाजू कोणत्या, हे तो प्रत्येक ठिकाणी विचारतो. मालकाने सांगितलेलं त्याला खोटं वाटेल, तुम्ही सांगितलेलं वाटणार नाही.

तेव्हापासून ती जमेच्या आणि पडत्या बाजू घोकत होती, भाजी निवडताना, वेणी घालताना, रिक्षात. जमेला काय कमी होतं? ठाण्याच्या वागळे इस्टेटीत एखाद्या गाळ्यात जाऊन तुटलेला भाग दाखवला की तिथला लेथवरचा टर्नर नकाशा न मागता दुसऱ्या दिवशी तसाच भाग हातात देतो, वर विचारतो, जरा जाड करू का, म्हणजे परत तुटणार नाही. रसायनशास्त्र शिकलेल्या पोरी इथल्या प्रत्येक कॉलेजातून दरवर्षी टोपलीभर निघतात. बंदर जवळ, विमानतळ जवळ, इंग्रजी समजतं, आणि मुख्य म्हणजे माणसं टिकतात. या लाइनवरची बाई लग्नाने जाते, बाळंतपणाने जाते, आणि परत येते. पडतीला वीज. मध्येच डोळा मिटते आणि नळीत भाजायला ठेवलेला अख्खा घाणा वाया जातो. शिवाय हवा. दोन गाळे सोडून रंगाचा कारखाना, त्याच्या पलीकडे आम्लाचा, आणि वारा फिरला की खोलीची दारं लावून बसावं लागतं, बाहेर वाळत घातलेली चादर संध्याकाळी पिवळट होते. भट्टीला लागणारा वायू लांबून आणायचा, काचेची नळी परदेशातून, यंत्रं दुसऱ्यांनी वापरून टाकलेली. शिकवून तयार केलेला मुलगा बंगलोरला जातो नाहीतर आखातात. पण या सगळ्यांच्या आधी, पडत्या बाजूंत सगळ्यात वर, तिच्या मनात एकच शब्द होता आणि तो ती वेंडेलला कसा सांगणार हे तिला अजून जमलं नव्हतं. मीठ. या मुलखात मीठ हवेत आहे, घामात आहे, ताटात आहे, भिंतींच्या पोपड्यांत आहे. खाडी इथून फार लांब नाही आणि खाडीचं माणूस तर कारखान्यात रोज सकाळी चालत येतं, कोट घालतं आणि भट्टीसमोर उभं राहतं. ते माणूस म्हणजे ती स्वतः.

गाळलेलं पाणी साठवणाऱ्या गच्चीवरच्या टाकीकडे जाणारी लोखंडी शिडी पावसाने ओली होती. उत्तम म्हणाला मी चढतो, पण ती आधीच दुसऱ्या पायरीवर होती. वर जाईपर्यंत तिने सगळे संशय एकामागून एक तपासले. गाळणीतली क्षार शोषणारी राळ थकली असेल, पण ती परवाच नवी भरलेली. पाइप फुटून पावसाचं पाणी शिरलं असेल, पण मग काटा थरथरला असता, असा बूड टेकून बसला नसता. हे काहीतरी टाकीत होतं आणि हळूहळू विरघळत होतं. तिला अगदी मनातून खात्री होती की टाकीत काय आहे ते आपण ओळखू शकू, आणि तिथेच, शिडीच्या मध्यावर, कालचा दिवस तिच्या अंगावर आला. काल नारळी पौर्णिमा होती. लाइनवरच्या कोळणींनी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. जाईबाई सगळ्यांच्या वतीने येऊन तिच्या टेबलासमोर उभी राहिली होती, आणि कलावतीने, जिचा जन्म ठाकुर्लीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात झाला त्या कलावतीने, कागदांतून डोकं वर न काढता सांगितलं होतं की उद्या पाहुणे येणार, आज फरशी पुसायची आहे, काचा पुसायच्या आहेत, यंदा राहू दे. जाईबाई बरं म्हणून गेली होती. कधी नव्हे ती न भांडता गेली होती. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

तिने टाकीचं झाकण सरकवलं. पाणी इतकं निर्मळ की आधी ते दिसलंच नाही, नुसता तळ दिसला, आणि त्या तळाच्या वर, कशालाही न टेकता, एक नारळ तरंगत होता. सोनेरी कागदात गुंडाळलेला. कागदाची एक बाजू सुटली होती आणि शेंडीपाशी लावलेलं हळदकुंकू पाण्यात धाग्याधाग्याने उतरत होतं, वर पिवळं, खाली लालसर, फार सावकाश. कलावती वाकून बघत राहिली. चिडायला हवं होतं, आणि चीड येतच होती, पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. वडील मोरू होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर उभे, डोक्याला नवी टोपी, हातात असाच सोन्याचा नारळ, आणि आई भागीरथी काठावर गुडघाभर पाण्यात. नारळ फेकायचा नसतो. मूल पाळण्यात ठेवावं तसा तो पाण्यावर ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. आईच्या डाव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, उजवा हात मोकळा. कोळणीच्या उजव्या हाताच्या बांगड्या लग्नातच दर्याला दिलेल्या असतात, धनी राखायला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात जायच्या, त्याआधी नाही. पाण्याला आधी द्यायचं, मग पाण्यातून घ्यायचं. एवढा साधा व्यवहार आपण विसरलो कसे, असं तिला वाटलं, आणि ज्यांनी हा नारळ टाकला त्या विसरल्या नाहीत म्हणून एक क्षण बरंही वाटलं. मग काटा आठवला, वेंडेल आठवला, आणि तिने बाही वर करून नारळ उचलला. तो जड होता आणि थंड होता.

मीठ तिने पहिल्यांदा पकडलं त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हा ती नवी होती, बीएस्सीचा कागद अजून कोरा करकरीत होता, आणि कोळीवाड्यातली पहिली शिकलेली मुलगी कारखान्यात नेमकं काय करते हे आईला कुणी विचारलं की ती सांगायची, पाणी बघते. बायका म्हणायच्या, पाणी तर आम्हीपण बघतो. त्या हिवाळ्यात माल गळायला लागला. कधी चांगला निघायचा, कधी घाण्याचे घाणे फुकट. गद्रेसाहेबांनी भट्टी उघडून पाहिली, परदेशात पत्रं पाठवली, उत्तमच्या आधीच्या माणसाला काढलं. कलावतीने भट्टी सोडून माणसांकडे बघायला सुरुवात केली, आणि एका रविवारी ती माहेरी गेली असताना तिला ते दिसलं. जाईबाईच्या घरासमोरच्या अंगणात जवळा वाळत पसरलेला, मिठाचा हात मारलेला, आणि बरोबर त्याच्या वर, दोरीवर, कंपनीचे पांढरेशुभ्र कोट ओळीने वाळत घातलेले. धुलाईचं काम जाईबाईने घरी घेतलं होतं आणि तिच्याएवढं स्वच्छ धुणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. खाडीचा वारा जवळ्यावरून जाऊन कोटांत भरत होता. कलावती दोरीखाली उभी राहून हसत सुटली होती, आणि जाईबाई विचारत राहिली, काय झाला गो, काय झाला. दुसऱ्या दिवसापासून कोट कंपनीतच धुवायला आणि कंपनीतच वाळवायला लागले आणि माल सुधारला. साहेबांनी तिला पाण्याबरोबर भट्टीही सोपवली. त्या दिवशी तिला जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. जी गोष्ट आपल्याला कमी पाडते ती शोधायला तिच्यातच वाढलेलं माणूस लागतं. जर्मन माणसाला जवळ्याचा वास आला असता, मीठ दिसलं नसतं.

जाईबाईला आणि तिच्या मागून आलेल्या सातआठजणींना या लाइनवर तिनेच आणलं होतं. खाडीत मासळी कमी होत गेली तशी. आधी पकड घटली, मग मासळीला औषधासारखा वास यायला लागला, मग बाजारात बाई नाकाला पदर लावून पुढे जायला लागली, आणि एका पावसाळ्यानंतर मोरूने होडी पाण्यात घातलीच नाही. ती पालथी काठावर पडून राहिली. कोळीवाड्यातल्या बायका एकेक करून कलावतीकडे आल्या आणि विचारलं, तुझ्या कंपनीत आमच्यासारखीला काय असतं का. लाइनवर बांगड्या चालत नाहीत म्हटल्यावर इतर बायका रडकुंडीला आल्या होत्या. या कोळणींनी डाव्या हाताच्या बांगड्यांवर पांढरी पट्टी घट्ट गुंडाळून वर हातमोजा चढवला आणि उजवा हात पुढे करून म्हणाल्या, हा तर मोकलाच हाय. बाहेरून येणारे लोक या बायकांच्या बोटांचं कौतुक करायचे, जाळी विणणारी बोटं वगैरे. कलावतीला त्याचा कंटाळा यायचा. बोटं सगळ्यांनाच असतात. या बायकांना वाट बघता यायची, हे खरं. भरतीची वाट बघावी तशा त्या काटा हिरव्यात यायची वाट बघत हात मांडीवर ठेवून बसत, आणि तोवर एकही चकती पाण्याला लावत नसत.

नारळ वर्तमानपत्रात गुंडाळून ती गद्रेसाहेबांच्या खोलीत गेली. साहेब उभे होते, टाय बांधलेला, केसांना तेल. तिने टेबलावर कागद उघडला आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. टाकी रिकामी करून, धुऊन, परत भरून काटा हिरव्यात यायला संध्याकाळ होणार, तोवर लाइन बंद. साहेब नारळाकडे इतका वेळ बघत राहिले की तिला वाटलं ते आता हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "कलावतीबाई, प्रयोगशाळेत चांगल्या पाण्याची बाटली आहे. मीटरची नळी तासाभरासाठी त्या बाटलीत सोडली तर काटा हिरव्यात येईल. काल धुतलेल्या चकत्या पुढ्यात घेऊन बायका नुसते हात हलवतील. तो जाईल, मग तुम्ही सावकाश टाकी धुवा." त्यात पाप असं काही नव्हतं. माल जायचाच नव्हता, कुणाचं नुकसान नव्हतं, आणि साहेबांनी आयुष्य घातलं होतं या शेडमध्ये, त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने वर्षानुवर्षं मोठी होताना पाहिली होती. तासाभराचं नाटक. पिनांगवाल्यांनी केलं नसेल कशावरून? तिच्या डोळ्यांसमोर तो काटा आला, बाटलीतल्या पाण्यावर ताठ उभा, आणि त्याच्याखाली हात मांडीवर ठेवून बसलेल्या बायका, ज्यांना तिने दहा वर्षं शिकवलं होतं की हा काटा खोटं बोलत नाही. तिला एकदम लख्ख वाटलं. भीती होती, पण काय करायचं ते माहीत होतं. तिने सांगितलं की काटा बाटलीत गेला तर उद्यापासून बायका काट्याकडे बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील, आणि मला मिठाचा कण दिसत नाही. साहेब टाय सैल करत म्हणाले, "मग त्याला सांगायचं काय?" कलावती म्हणाली, "जे झालं ते." त्यांनी हात झटकला, म्हणजे करा काय करायचं ते, आणि एकच अट घातली. बायकांनी बाकांवर बसावं आणि तोंड उघडू नये.

वेंडेल उंच होता आणि वाकलेला होता, जन्मभर बुटक्या यंत्रांच्या आत बघत आल्यासारखा. पांढऱ्या कोटात शिरताना त्याने स्वतःहून घड्याळ काढून खिशात टाकलं, तेव्हा कलावतीला तो आवडला. दारातून आत आल्यावर त्याने आधी कान दिला. लाइन गप्प होती. बायका दोन ओळींत बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि वरून टाकी रिकामी होत असल्याचा खळखळाट ऐकू येत होता. साहेब पॉवर, व्होल्टेज असं काहीतरी निमित्त सांगायला लागले होते, पण वेंडेल सरळ मीटरपाशी गेला, पिवळ्यातला काटा पाहिला आणि वळून साहेबांना नाही, तिला विचारलं की हे काय. घोकलेल्या जमेच्या बाजू तिच्या डोक्यातून पार पुसल्या गेल्या होत्या. तिने इंग्रजीत सांगितलं की काल इथे पाण्याचा सण होता. आम्ही पाण्याला नारळ देतो. बायकांनी तो या पाण्याला दिला. तिने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केलं. नारळ त्यात होता, सोनेरी कागदासकट. वेंडेलने तो उचलून हातात फिरवला, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं. त्याचा चेहरा काही सांगत नव्हता. साहेब भिंतीला टेकून उभे होते. किती चकत्या गेल्या, असं त्याने विचारलं. एकही नाही, ती म्हणाली, सकाळी काटा पाहिल्याशिवाय पाणी सोडत नाही. आणि कुणी टाकला?

तिला माहीत होतं. ते नाव इंग्रजीत उच्चारायला तिची जीभ तयार नव्हती. ती म्हणाली की ते सांगायची गरज नाही, सुट्टी मी नाकारली होती, तेव्हा माझ्यामुळे झालं असं धरा. वेंडेलने मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नाही. तो बाकांच्या ओळीवरून नजर फिरवत राहिला आणि खोलीतली हवा घट्ट झाली. मग दुसऱ्या ओळीतून बाक सरकल्याचा आवाज आला. जाईबाई उभी राहिली. तोंडावरची पट्टी तिने हनुवटीखाली ओढली. साहेबांनी कलावतीकडे पाहिलं आणि कलावतीने साहेबांकडे पाहिलं नाही.

"कले, त्याला सांग," जाईबाई म्हणाली. कंपनीत ती कलावतीला मॅडम म्हणायची, इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती. "नारल मी टाकला. बाकीच्या पोरींचा काय नाय त्यात. ज्या पान्यावर आमचा पोट हाय त्याला द्याया नको? खाडी मेली. आता हाच आमचा दर्या."

कलावतीने एकेक वाक्य इंग्रजीत केलं. शेवटचं वाक्य करताना तिचा आवाज चिरकला आणि तिने तो चिरकू दिला. वेंडेल ऐकत होता, नारळ दोन्ही हातांत धरून. मग तो हसला, म्हाताऱ्या माणसासारखा खांद्यांनी, आणि तिथेच एका रिकाम्या स्टुलावर बसला. त्याने सांगितलेलं कलावतीने मागे फिरून बायकांना सांगितलं. त्याच्या गावच्या कारखान्यात एकदा तीन महिने माल बिघडत होता. मोठमोठे तज्ज्ञ येऊन गेले, भट्टी खोलली, नवी नळी घातली. बारा वर्षांनी एक कारागीर निवृत्त झाला तेव्हा त्याने निरोपाच्या जेवणात बिअर पिऊन कबूल केलं की त्या हिवाळ्यात तो रोज भट्टीच्या तोंडाशी मांसाचा तुकडा भाजून खायचा. खारवलेला. बायका खिदळल्या, जाईबाई सोडून. ती अजून उभीच होती, निकालाची वाट बघत. वेंडेल म्हणाला की पिनांगला मी चार दिवस हिंडलो आणि मला एकही चूक सापडली नाही. फरशीत तोंड दिसत होतं. चूक झाली की तिथे कोण बोलतं हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्याने जमेच्या आणि पडत्या बाजू विचारल्या, आणि कलावतीने सगळं सांगितलं, क्रम न लावता, वीज, हवा, टर्नर, पोरी, नळ्या, आणि मीठ. मिठावर ती सगळ्यात जास्त बोलली. तो मध्येमध्ये विचारत होता. पाणी कुठून येतं, किती गाळण्या, राळ कधी बदलता, पाइप कसले, टाकी कसली. आत येणाऱ्या पाण्याबद्दल विचारायचं त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. निघताना साहेबांना म्हणाला की चाचणीसाठी पहिल्या चकत्या दिवाळीआधी पाठवतो, त्यांचा माल कसोटीला उतरला की पूर्ण लाइन, आणि टाकीला कुलूप लावा. किल्ली या बाईंकडे ठेवा. साहेब नुसते मान हलवत राहिले, तिच्याचसारखी.

संध्याकाळी काटा हिरव्यात आला तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या आणि उत्तमने पेढे वाटले, कुठून आणले कोण जाणे. कलावतीला आपण फार हलके झालो आहोत असं वाटत होतं. दहा वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि त्याखालचा कणा जागेवर होता, ताठ होता. वेंडेलला जे सांगितलं ते खरं होतं आणि ते पुरेसं ठरलं होतं. बादलीतला नारळ मात्र तसाच होता. तो फोडून खाता येत नव्हता आणि कचऱ्यात टाकता येत नव्हता, दिलेला नारळ परत घ्यायचा नसतो. ती आणि जाईबाई रिक्षा करून खाडीवर गेल्या. रस्त्यात जाईबाईने एकदाच विचारलं, रागावलीस का. कलावती म्हणाली, "नाही मावशी. सुट्टी द्यायला हवी होती." पाऊस थांबला होता. भरती होती, पाणी काठाला लागलेलं, आणि मोरूची पालथी होडी अजून तिथेच होती, तिच्या पोटावर कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. पाण्याला तो वास होता. तिने तो रोज घेतलेला होता, कारखान्यांच्या मागच्या नाल्याचा वास. तिला एकदम तो नाला सगळाच्या सगळा दिसला, मानपाड्यापासून इथपर्यंत. चकत्या न्हाऊन झाल्या की ते पाणी, चकत्या साफ करायच्या आम्लासकट, आम्ल मारणाऱ्या चुन्याच्या खड्ड्यात जायचं, खड्ड्यातून नाल्यात, नाल्यातून इथे. खड्ड्यात चुना पुरेसा पडतो की नाही हे कुणी बघत नव्हतं. पावसाळ्यात तर नाहीच. ती बघत नव्हती. दहा वर्षं ती पाणी बघत होती, पण येणारं. वेंडेलनेही तेवढंच विचारलं होतं, आणि तिच्या पडत्या बाजूंच्या यादीत, जिच्यात तिने वीज घातली, वारा घातला, स्वतःच्या घामातलं मीठ घातलं, तिच्यात हे पाणी नव्हतंच.

जाईबाईने चिखलात पाय रोवले आणि नारळ पुढे केला. "हात लाव. तूपन लाव," ती म्हणाली. कलावतीने उजवा हात लावला, मोकळा हात, आणि दोघींनी मिळून नारळ पाण्यावर ठेवला आणि हात काढून घेतले. सोनेरी कागद जवळजवळ निघाला होता. नारळ जरा वेळ तिथेच डुलत राहिला, मग भरतीने त्याला आत ओढलं, होडीच्या बाजूने. कलावतीला वाईट वाटत होतं, आणि तरीही दुपारची ती ताकद अंगातून गेली नव्हती, उलट तिला आता कुठे काम मिळाल्यासारखं वाटत होतं. या पाण्याला लागेल तो काटा वेगळा, आम्ल मोजणारा. ठाण्यात मिळेल. उत्तम खड्ड्याच्या तोंडाशी एका दिवसात बसवेल. साहेब कुरकुरतील आणि मग देतील, आज ते काहीही देतील. आणि दिवाळीआधीचा पहिला माल उतरला की वेंडेलला त्याच्याबरोबर हेही कळवायचं, त्याने विचारलेलं नसलं तरी.

"मावशी, उद्यापासून बाहेर जाणाऱ्या पाण्यावरपण एक काटा बसवते," ती म्हणाली.

जाईबाईने नारळावरची नजर काढली नाही. ती खूप वर्षं काट्यासमोर बसलेली बाई होती, तिला लगेच कळलं. "आनि तो पिवल्यात गेला तर?"

"तर लाइन बंद," कलावती म्हणाली, आणि दोघी चिखलातून पाय काढत रिक्षा बघायला बांधावर चढल्या.